माणसाकडे आलेले काम

व्यवसायात काय विकले जाते, हे आपल्याला सहज दिसते. ते कसे विकले जाते आणि मोबदला कशाचा मिळतो, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. या रचनेलाच व्यवसायाचे प्रारूप म्हणतात. माल तोच राहूनही प्रारूप बदलू शकते. ते कसे, हे या पाठात एका उदाहरणाने समजून घेऊ.

जुलै १९८१ मध्ये नारायण मूर्ती व त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी पुण्यात इन्फोसिस ही कंपनी सुरू केली. भांडवल होते दहा हजार रुपये. तेही सुधा मूर्ती यांनी आपल्या बचतीतून दिलेले. १९८३ मध्ये कंपनी बंगळुरूला आली. त्या काळी परदेशातून संगणक आणण्यास सरकारी परवाना लागे. दूरध्वनीसाठी तर वर्षानुवर्षे थांबावे लागे. ग्राहक अमेरिकेत आणि साधने अपुरी! म्हणून अभियंत्यांनाच तिकडे जाऊन, ग्राहकाच्या कार्यालयात बसून संगणकाची आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, लिहावी लागे. घरापासून दीर्घकाळ दूर राहणे, ही त्या कामाची न दिसणारी किंमत होती.

पुढे परिस्थिती पालटली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने बंगळुरूत केंद्र उघडले. येथील काम उपग्रहामार्फत अमेरिकेला जाऊ लागले. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर परवान्यांची बंधने सैल झाली. अशी संपर्कसोय इतर कंपन्यांनाही मिळू लागली. आता मोजके अभियंते ग्राहकाजवळ राहून त्याची गरज समजून घेत. बरेचसे काम मात्र बंगळुरूत होई. अमेरिकेत रात्र असते, तेव्हा येथे दिवस असतो. त्यामुळे तेथे संध्याकाळी सांगितलेली दुरुस्ती सकाळी तयार मिळू शके. जे अंतर अडचणीचे होते, तेच सोयीचे ठरले.

मोबदला मात्र बहुधा माणसे आणि तास मोजूनच ठरे. आज यंत्रेही आज्ञावली लिहू लागली आहेत. तासांचे काम मिनिटांत झाले, तर ग्राहकाने पैसे कशाचे द्यावेत? हा प्रश्न आपल्याला परका नाही. गवंड्याला आपण रोजावर लावतो किंवा काम उक्ते देतो. रोजात दिवस मोजला जातो, उक्त्यात पुरे झालेले काम. साधने बदलली, की हा हिशेबही नव्याने मांडावा लागतो.

विचार करा : तुमच्या कामाचा मोबदला तुम्हाला वेळेचा मिळतो, की पूर्ण केलेल्या कामाचा? उद्या साधन बदलले, तर त्यातील काय टिकेल?