बैठकीची भाषा : विषयपत्रिकेपासून इतिवृत्तापर्यंत

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला,
• निर्णयाकडे नेणारी विषयपत्रिका तयार करता येईल.
• सर्व सभासदांना बोलते करणारे प्रश्न योजता येतील.
• कोणी, काय आणि केव्हापर्यंत करायचे हे सांगणारे इतिवृत्त लिहिता येईल.

प्रास्ताविक

पाथरी तालुक्यातील एखाद्या माध्यमिक शाळेची शिक्षक-बैठक कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. जुलै महिना आहे. गोदाकाठच्या गावांतून येणाऱ्या मुलींची सायंकाळची एसटी शाळा सुटण्यापूर्वीच निघून जाते. बैठकीत या विषयावर अर्धा तास कळकळीने चर्चा होते, चहा होतो आणि इतिवृत्तात नोंद होते : ‘बसच्या वेळेबाबत चर्चा करण्यात आली. आगाराशी पत्रव्यवहार करण्यात यावा असे ठरले.’ दिवाळीनंतरच्या बैठकीत हाच विषय पुन्हा निघतो. पत्र गेलेलेच नसते. मुख्याध्यापकांना वाटले, लिपिक लिहितील. लिपिकांना वाटले, वर्गशिक्षक मसुदा देतील. वर्गशिक्षकांना वाटले, ठराव झाला म्हणजे पत्र गेलेच असेल. दरम्यान नववीच्या दोन मुलींचे शाळेत येणे थांबलेले असते.

या बैठकीत कोणीही कामचुकार नव्हते. तरीही काम झाले नाही, कारण ते कोणाचे आहे हे एकाही वाक्यात सांगितलेले नव्हते. बैठकीचे यश बऱ्याच अंशी भाषेवर अवलंबून असते, हे या घटकात तीन टप्प्यांनी पाहू.

विषय-विवेचन

१. विषयपत्रिका : ‘बाबत’कडून प्रश्नाकडे

आपल्याकडील विषयपत्रिकेत बहुतेक विषय ‘-बाबत’ या शब्दयोगी अव्ययाने संपतात : ‘बसच्या वेळेबाबत’, ‘स्नेहसंमेलनाबाबत’. अशा शीर्षकातून विषय कळतो; पण त्याचे काय करायचे ते कळत नाही. माहिती द्यायची आहे, मत घ्यायचे आहे की निर्णय करायचा आहे? सभासद तयारीविना येतो आणि चर्चा भरकटते. त्याऐवजी असे लिहा : ‘सायंकाळची बस शाळा सुटल्यानंतर सुटावी यासाठी आगाराकडे मागणी कोणी व कोणत्या माहितीसह करावी?’ हा प्रश्न वाचताच वर्गशिक्षक बसने येणाऱ्या मुलींची गावनिहाय यादी घेऊन येतील. ज्या विषयाचा असा प्रश्न तयार होत नाही, त्यासाठी बहुधा बैठकीची गरज नसते, सूचनापत्रक पुरते.

‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय’ हे कलम उपयुक्त आहे. परंतु महत्त्वाचे विषय त्यात ढकलू नयेत. पूर्वसूचना नसलेल्या विषयावर बहुधा तेच बोलतात, ज्यांना तो आधीपासून ठाऊक असतो.

२. चर्चा : कोण, केव्हा आणि कोणत्या भाषेत बोलतो?

‘कोणाला काही बोलायचे आहे का?’ हे वाक्य रूपाने प्रश्न आहे. परंतु प्रत्यक्षात विषय संपविण्यासाठी ते वापरले जाते, आणि त्याचे उत्तर बहुधा मौन असते. अध्यक्षांनी माहितगार व्यक्तीला नाव घेऊन नेमके विचारावे : ‘मॅडम, तुमच्या वर्गातील किती मुली बसने येतात?’ तसेच, वरिष्ठांनी आपले मत आधी मांडले की ‘सर म्हणतात तेच बरोबर’ यापलीकडे चर्चा जात नाही. म्हणून कनिष्ठांना प्रथम आणि अध्यक्षांना शेवटी बोलू द्यावे.

शाळेच्या फाटकाशी रोज उभे असणारे शिपाई मामा हे कदाचित या प्रश्नाचे सर्वांत चांगले जाणकार असतील. त्यांना पाच मिनिटे बोलावले, तर ते सांगतील, ‘लेकरायला पाचची गाडी घावंना.’ हे वाक्य अशुद्ध नव्हे. ते मराठवाड्याच्या बोलीतील आहे. प्रमाणभाषा इतिवृत्तासाठी राखून ठेवावी. बोलताना तिची सक्ती केल्यास माहितगार माणूस गप्प बसतो.

मौनाचा हा प्रश्न कायद्यानेही विचारात घेतला आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती असते. मात्र गणपूर्ती उपस्थिती मोजते, सहभाग मोजत नाही. म्हणूनच नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद महत्त्वाची ठरते. मोठ्या सभेत जे शब्द ओठांवर अडतात, त्यांना आधीच्या सभेत वाट मिळू शकते.

३. निर्णय : कर्ता कोठे आहे?

‘-ण्यात यावे’, ‘-ण्यात आले’ ही रचना कार्यालयीन मराठीत दृढ झालेली आहे. तिच्यात कर्ता सांगावा लागत नाही. ‘मागील इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’ येथे कर्ता संपूर्ण सभा असल्याने ती योग्यच आहे. पण पुढे करावयाच्या कामासाठी तीच रचना वापरली, की जबाबदारीही कर्त्याबरोबर लुप्त होते.

‘आपण’ या सर्वनामाबाबतही सावध राहावे. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये बोलणारा आणि ऐकणारा दोघेही असतात. शिवाय ‘आपण’ हे ‘तुम्ही’चे आदरार्थी रूपही आहे. त्यामुळे ‘आपण आगारात जाऊन यावे’ हे वाक्य अध्यक्ष एकाला उद्देशून बोलतात, आणि तो ते सर्वांसाठी आहे असे समजतो. आपुलकी निर्माण करण्यासाठी ‘आपण’ अवश्य म्हणावे. काम सोपवताना नाव किंवा पदनाम उच्चारावे.

पुढील दोन नोंदींची तुलना करा.

(अ) आगाराशी पत्रव्यवहार करण्यात यावा असे ठरले.

(आ) नववीचे वर्गशिक्षक १५ जुलैपर्यंत मुलींची गावनिहाय यादी देतील. लिपिक १८ जुलैपर्यंत मागणीपत्र तयार करतील. मुख्याध्यापक ते २० जुलैस आगारप्रमुखांना प्रत्यक्ष देतील व पुढील बैठकीत त्याची माहिती सांगतील.

(आ) मधील प्रत्येक क्रियापदाला कर्ता आणि मुदत आहे. अध्यक्षांनी बैठक संपवण्यापूर्वी ही वाक्ये मोठ्याने वाचून दाखवावीत. संबंधितांनी तेथेच होकार द्यावा किंवा अडचण सांगावी. पुढील बैठकीच्या आरंभी याच वाक्यांवरील कार्यवाहीचा आढावा घ्यावा.

पारिभाषिक शब्द

गणपूर्ती : सभा वैध ठरण्यासाठी आवश्यक किमान उपस्थिती.
तहकूब : पुढे ढकललेली (सभा).
बरखास्त : संपलेली, विसर्जित (सभा).

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘-ण्यात आले’ ही रचना इतिवृत्तात कोठे योग्य व कोठे अयोग्य ठरते?
२. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.

सारांश

विषयपत्रिकेत प्रश्न असावा, चर्चेत माहितगाराचा आवाज असावा आणि निर्णयात कर्ता असावा. (आ) सारखी नोंद केल्याने बस वेळेवर येईलच, असे नाही. पण पत्र नक्की कोणाच्या टेबलावर थांबले आहे, हे दिवाळीची वाट न पाहता कळेल.

सरावासाठी स्वाध्याय

तुमच्या कार्यालयातील, बचत गटातील किंवा सोसायटीतील एका बैठकीचे इतिवृत्त मिळवा. त्यातील कर्ता नसलेली वाक्ये अधोरेखित करून ती (आ) प्रमाणे पुन्हा लिहा. एखाद्या वाक्याला कर्ता सापडला नाही, तर ते काम पुढे झाले का, याची चौकशी करा.