गाडीच्या चाकाची धाव काढणें व पुन्हा चढविणें

वैशाखांतील ऊन्ह आमच्या वाचकांस सांगावयास नको. चंद्रपुराकडे पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हां जमिनीप्रमाणें गाडीच्या चाकाचें लांकूडहि सुकून आंकसतें. लोखंडी धाव मात्र आंकसत नाहीं. म्हणून ती सैल होते. याचा परिणाम आम्हीं महसूलखात्याच्या नोकरींत असतां डोळ्यांनीं पाहिला आहे. ब्रह्मपुरी भागांत एका नाल्याच्या उतारावर आमच्या पुढील गाडीची धाव निसटली, आरे मोडले आणि बियाण्याच्या धानाचीं पोतीं पाण्यांत गेलीं. त्या गृहस्थानें चार दिवसांपूर्वीं सैल चाक रात्रभर पाण्यांत ठेवून काम भागविलें होतें. भिजलेलें लांकूड फुगतें खरें, परंतु ऊन्ह लागतांच पुन्हा आंकसतें. हा उपाय एका खेपेपुरता; पेरणीच्या हंगामाचा नव्हे.

चाकाचे चार भाग असतात : मधला तुंबा, त्यांत बसविलेले आरे, आऱ्यांवरील घेराचे वाकडे लांकडी तुकडे, आणि या सर्वांस आवळून धरणारी धाव. धावेवर हातोडीनें ठोकून पाहावें. स्वच्छ खणखणीत नाद आला तर चाक घट्ट. बद्द आवाज आला तर सैल समजावें.

प्रथम बैल सोडून दुसऱ्या चाकास दोन्ही बाजूंनीं दगड लावावे. गाडी उचलून आंसाखालीं भक्कम ओंडका द्यावा, नंतरच कुणी काढून चाक ओढावें. नुसत्या माणसांच्या खांद्यावर गाडी तोलून धरणें धोक्याचें आहे. धाव व लांकूड यांवर एकेक खूण करून चाक आडवें ठेवावें, आणि सभोंवार थोडथोडें ठोकीत धाव उतरवावी. मोडका आरा अथवा किडका तुकडा असल्यास सुतारास दाखवून आधीं बदलावा. धावडा, तिवस व बाभूळ हीं लांकडें या कामास चिवट असतात.

आतां माप. लहान फिरती चकती लांकडाच्या बाहेरून व धावेच्या आंतून फिरवून दोन्ही घेर मोजावे. लोखंड एक अंश तापल्यास दहा लक्ष भागांत सुमारें 12 भाग वाढतें. 120 सें. मी. व्यासाच्या चाकाचा घेर सुमारें 377 सें. मी. होतो, धाव 500 अंशांनीं तापविल्यास हा घेर सव्वादोन सें. मी. वाढेल. म्हणून अशी धाव लांकडापेक्षां सुमारें दीड सें. मी. आंखूड असली तर तापल्यावर सहज चढते व निवतांना आवळते. लोहारानें तेवढा भाग कापून सांधा द्यावा. घेराच्या तुकड्यांमधील सांधे किंचित् उघडे असावे. ते आधींच मिटलेले असतील तर आऱ्यांवर दाब येत नाहीं.

धाव दगडांवर आडवी मांडून भोंवतीं गोवऱ्या व लांकडें सारखीं रचून पेटवावीं. काम सांजवेळीं करावें. अंधारांत धाव नुकती तांबूस दिसली कीं पुरे. अधिक तापल्यास लांकूड जळतें. तिघांनीं सांडशांनीं एकदम उचलून खुणेवर ठेवावी, घणानें बसवावी, आणि लगेच सर्व बाजूंनीं सारखें पाणी ओतावें. त्या वेळीं सांधे करकरतात. तो चाक आवळल्याचा आवाज होय. पायांत जोडे असावे व मुलांस दूर ठेवावें.

हें काम मृगापूर्वींच करावें, कारण त्या वेळीं लांकूड अगदीं सुकलेलें असतें व पुढें पावसानें घट्टच होत जातें. चाक चढवितांना आंसास वंगण द्यावें आणि कुणी पुरती बसली कीं नाहीं हें हातानें पाहावें.

ज्यांच्या गाडीस रबरी टायर आहेत त्यांनीं चाक जमिनीवर असतांनाच नट किंचित् सैल करावे, मग गाडी उचलावी. परत बसवितांना समोरासमोरचे नट आळीपाळीनें आवळावे. हवा पूर्ण सोडल्यावांचून टायर रिमवरून काढूं नये.

लोहाराकडे अर्धा दिवस जातो, म्हणून आपण टाळाटाळ करतों. नाल्यांत गेलेलें बीं मात्र त्या हंगामांत परत येत नाहीं.