कुलूप किती भक्कम? तीन सराव प्रश्न



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक परीक्षेचे गुण ज्या संगणकावर ठेवले जात, त्याचा परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, मीच ठरविला होता: महाविद्यालयाचे नाव आणि पुढे चालू वर्ष. एके दिवशी एका विद्यार्थ्याने तीन अंदाज कागदावर लिहून माझ्यापुढे ठेवले. तिसरा बरोबर होता! "सर, कुलूप बदला," एवढेच तो म्हणाला. गुणांना धक्का लागला नाही, पण मी खजील झालो. एरवी प्रत्येक राशी मोजून पाहा म्हणून सांगणाऱ्या मी कुलपाची ताकद मात्र कधी मोजली नव्हती.

ती मोजणी आज आपण करू. बँक, रुग्णालय, रेल्वे आरक्षण यांचे काम सर्व्हरवर चालते. अनेक संगणकांच्या मागण्या पुरविणारा संगणक म्हणजे सर्व्हर. त्याचे रक्षण तीन ठिकाणी करावे लागते: खुद्द सर्व्हरवर, त्याला जोडणाऱ्या नेटवर्कमध्ये आणि त्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. प्रत्येकाचा एक प्रश्न घेऊ. उत्तर वाचण्यापूर्वी स्वतः प्रयत्न करा.

प्रश्न १ : सर्व्हर

इंग्रजी लिपीतील २६ लहान अक्षरांतून कोणतीही आठ अक्षरे घेऊन पासवर्ड बनविला. चोराचा संगणक सेकंदाला एक अब्ज शब्द तपासतो असे समजा. सर्व शक्यता तपासण्यास किती वेळ लागेल? बारा अक्षरे घेतली तर?

उत्तर : प्रत्येक जागी २६ पर्याय आहेत. म्हणून आठ जागांसाठी २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०९ अब्ज शक्यता. त्यांना २०९ सेकंद, म्हणजे जेमतेम साडेतीन मिनिटे पुरतात. आणखी चार अक्षरे घेतली की हा वेळ २६ च्या चौथ्या घाताने, म्हणजे ४,५६,९७६ ने गुणला जातो. उत्तर येते सुमारे तीन वर्षे! मात्र अक्षरे खरोखरच कशीही निवडलेली असली पाहिजेत. पासवर्ड नाव आणि जन्मवर्ष असा असेल, तर १०,००० नावे आणि १०० वर्षे मिळून शक्यता अवघ्या १० लाख. त्यांना सेकंदाचा एक हजारांश भागही पुरे.

तुम्ही विचाराल, चार-पाच चुका झाल्या की सर्व्हर दार बंद करतो, मग अब्जावधी प्रयत्न होणार कसे? दारावर ते होत नाहीत. पण सर्व्हरवरील पासवर्डची यादीच चोरीस गेली, तर चोर घरी बसून हवे तितके प्रयत्न करू शकतो. म्हणून नीट रचलेला सर्व्हर मूळ शब्द ठेवीतच नाही. त्यावर गणिती क्रिया करून मिळालेला 'हॅश' तेवढा ठेवतो. गव्हाचे पीठ होते, पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तसेच हे. चोराला एकेक शब्द दळून पिठाशी ताडून पाहावा लागतो. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन यांनी १९७९ साली आणखी एक युक्ती सांगितली: दळण्यापूर्वी प्रत्येकाच्या शब्दात एक वेगळी संख्या मिसळावयाची. तिचे नावच 'सॉल्ट', म्हणजे मीठ! त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी त्यांचे हॅश वेगळे येतात, आणि चोराला प्रत्येकासाठी दळण नव्याने घालावे लागते.

प्रश्न २ : नेटवर्क

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हा प्रोग्रॅम जगभर पसरला. तो विंडोज संगणकांवरील फायली कुलूपबंद करून खंडणी मागत असे. ज्या दोषातून तो शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. मध्ये किती दिवस गेले? यावरून काय शिकावे?

उत्तर : ५९ दिवस. ज्यांनी हे ठिगळ, म्हणजे 'पॅच', लावले नव्हते ते सापडले. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील सुमारे एक तृतीयांश ट्रस्टच्या कामावर परिणाम झाला आणि हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या व उपचार रद्द करावे लागले. कुलूप गेले संगणकाचे, पण परत फिरावे लागले रुग्णाला.

दुसरा धडा दारांचा. नेटवर्कवरून संगणकात येण्याच्या वाटांना क्रमांक असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. हे क्रमांक ० पासून ६५,५३५ पर्यंत, म्हणजे २ चा सोळावा घात इतके आहेत. केवळ संकेतस्थळ दाखविणाऱ्या सर्व्हरला बाहेरच्या लोकांसाठी ४४३ हे एक दार बहुधा पुरते. वॉनाक्राय ४४५ क्रमांकाच्या दारातून येत असे. हे दार फायलींच्या देवाणघेवाणीसाठी आहे, ते साऱ्या जगाला उघडे ठेवण्याचे कारण नाही. नको असलेली दारे बंद ठेवणारा पहारेकरी म्हणजे फायरवॉल.

प्रश्न ३ : प्रोग्रॅम

एक संगणक सर्व्हरला विचारतो, "जागा आहेस ना? मग हा शब्द मला परत पाठव. त्यात ६५,५३५ अक्षरे आहेत." प्रत्यक्षात शब्द पाच अक्षरांचा आहे. सर्व्हरने काय करावे?

उत्तर : सांगितलेली लांबी खऱ्या लांबीशी ताडून पाहावी आणि न जुळल्यास मागणी फेटाळावी. ओपनएसएसएल या प्रोग्रॅममध्ये नेमकी हीच तपासणी राहून गेली होती. सर्व्हर पाच अक्षरे देई आणि उरलेली जागा भरण्यासाठी स्मृतीत शेजारी जे पडले असेल ते पाठवी. त्यात कोणाचे पासवर्डही असू शकत. मार्च २०१२ मधील आवृत्तीत आलेला हा दोष एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' या नावाने जाहीर झाला. गुप्तलेखनाचे गणित बरोबर होते. चूक होती ती समोरच्याने सांगितलेला आकडा न मोजता खरा मानण्याची. प्रयोगवहीत मित्राचे वाचन उतरवून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे!

आता तुम्ही सोडवा

(अ) लहान व मोठी अक्षरे आणि अंक मिळून ६२ चिन्हांतून आठ चिन्हांचा पासवर्ड घेतला. पहिल्या प्रश्नातील वेगाने किती वेळ लागेल? बारा लहान अक्षरांशी तुलना करा.

(आ) एका नेटवर्कमध्ये ५,००० संगणक आहेत. बाधित झालेला प्रत्येक संगणक दर दहा मिनिटांनी एका नव्या संगणकाला बाधित करतो. एकापासून सुरुवात झाल्यास दोन तासांनी बाधित किती? ६४-६४ संगणकांमध्ये भिंत घातली तर?

(इ) एक हॅश काढण्यास मुद्दाम ०.१ सेकंद लागेल अशी क्रिया निवडली. नाव आणि जन्मवर्ष यांच्या १० लाख शक्यतांना किती वेळ लागेल?

उत्तरे : (अ) सुमारे अडीच दिवस. बारा लहान अक्षरांना तीन वर्षे लागतात, म्हणजे चिन्हांच्या विविधतेपेक्षा लांबी अधिक उपयोगी. (आ) बारा वेळा दुप्पट होऊन ४,०९६. भिंत असल्यास तासाभरात ६४ होऊन तेथेच थांबेल. (इ) एक लाख सेकंद, म्हणजे सुमारे २८ तास. मंद क्रियेने वेळ मिळतो, पण दुबळा पासवर्ड दुबळाच राहतो.

हे प्रश्न कागदावरच सोडवावयाचे आहेत. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरणे हा आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे गुन्हा आहे. मात्र स्वतःच्या कुलपाची ताकद आज घरी गेल्यावर अवश्य मोजा. मी माझे त्याच दिवशी बदलले.