कान, कातडी आणि गळा : झोंबीच्या खेळातील दुखणी

आपल्या जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा मुंबईत अंधेरीला नोकरीस आहे. संध्याकाळी तो ‘ब्राझिलियन जिउ-जित्सू’ नावाचा खेळ शिकतो. सुट्टीत घरी आला तेव्हा त्याचा डावा कान सुजलेला होता, मांडीवर गोल चट्टे होते, आणि बोलता बोलता तो सांगून गेला की आम्ही एकमेकांचा गळा आवळतो. बाई विचारतात, ‘‘हा खेळ म्हणायचा की मारामारी? बंद कर म्हणून सांगू का?’’

बंद करायला सांगू नका. मात्र कान, कातडी आणि गळा या तीन गोष्टींबद्दल त्याला नीट विचारा, कारण या खेळातील मुले दुखणे अंगावर काढतात. माझा दवाखाना बोरिवलीत आहे. अशी मुले, आणि आता मुलीही, माझ्याकडे नेहमी येतात. त्यांच्यापैकी एकाच्या वर्गात मी एका रविवारी सकाळभर बसून आलो.

मूळ जपानचे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत ज्युदोची शाळा काढली. तेथील मित्सुयो माएदा हा मल्ल १९१४ साली ब्राझीलला पोहोचला. त्याच्याकडून ग्रेसी कुटुंबातील कार्लोस शिकला आणि त्याचा किरकोळ अंगाचा धाकटा भाऊ हेलियो याने ताकदीपेक्षा तरफेवर चालणारे डाव पुढे वाढवले. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की माणूस हरला. येथे पाठीवर पडूनच निम्मी लढत चालते. समोरच्याचा सांधा उलटा पिळायचा किंवा गळा आवळायचा. त्याने हाताने दोनदा थोपटले की त्याच क्षणी सोडायचे.

त्या रविवारी हॉलमध्ये रबराच्या गाद्या अंथरलेल्या होत्या आणि वीसेक जण होते. अर्धा तास कोलांट्या आणि जमिनीवर सरपटणे, मग तासभर एकच डाव पुन्हा पुन्हा, आणि शेवटी पाच-पाच मिनिटांच्या सरावाच्या लढती. बँकेतला एक चाळिशीचा गृहस्थ कॉलेजच्या मुलाकडून तीनदा हरला आणि तीनही वेळा हसत उठला. मला ते आवडले. तीनही वेळा त्याने वेळेवर थोपटले होते. ज्याला थोपटण्याची लाज वाटते तोच माझ्या दवाखान्यात येतो. कोपर उलटे वळले तर आधी दुखते, त्यामुळे सावध व्हायला थोडा वेळ मिळतो. पण टाच धरून गुडघा पिळण्याच्या डावात दुखू लागेपर्यंत आतील अस्थिबंध फाटलेलाही असतो. तेथे दुखण्याची वाट पाहायची नाही, पकड बसली की थोपटायचे.

आता कान. जुन्या पैलवानांचे मोडलेले, कोबीसारखे गोळा झालेले कान आपण सर्वांनी पाहिले आहेत. तालमीत तो मानाचा दागिना समजतात. कानाची पाळी सोडली तर बाहेरचा कान म्हणजे मऊ कूर्चा आणि तिला घट्ट चिकटलेले पातळ आवरण. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण या आवरणातून होते. कान गादीवर किंवा दुसऱ्याच्या छातीवर जोराने घासला की आवरण सुटते, मध्ये रक्त साचते आणि कूर्चा उपाशी पडते. मग शरीर तेथे वेडीवाकडी नवी कूर्चा तयार करते आणि कान कायमचा कडक होतो.

सूज मऊ, पाणी भरल्यासारखी लागते तोवरच उपाय सोपा असतो. पहिल्या एक-दोन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेल्यास ते रक्त काढतात आणि पुन्हा साचू नये म्हणून दाब देणारी पट्टी किंवा टाके घालतात. ही दाबाची पट्टी महत्त्वाची, नुसते रक्त काढले तर ते पुन्हा भरते. आठ-दहा दिवस उलटले की रक्त घट्ट होते आणि मग सुईने काही निघत नाही. त्यानंतर उरते ती शस्त्रक्रिया, तीही दिसण्यापुरती. शेकणे आणि चोळणे टाळावे. पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा. मुले आपसात सिरिंज आणून घरीच कान टोचतात, हे मी स्वतः पाहिले आहे. कूर्चेत पू झाला तर कान आक्रसून जातो. पट्टी असेपर्यंत लढत बंद, आणि नंतर कानटोपीसारखे संरक्षक कवच वापरावे. ते स्वस्त असते, पण मुलांना ते घालणे कमीपणाचे वाटते.

मांडीवरचे गोल चट्टे म्हणजे बहुधा गजकर्ण. कडा लालसर व उंच, मध्ये जरा निवळलेले आणि खाज भरपूर, अशी त्याची ओळख. ही बुरशी घामट अंगावरून आणि गादीवरून दुसऱ्याला लागते. गावच्या तालमीतही लागते. मातीत हळद, ताक, लिंबू घातले म्हणून ती टळेल असे समजू नये. खरी अडचण औषधाच्या दुकानात आहे. तेथून मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांत स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूष होतो, आणि बुरशी आत पसरत राहते. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात हट्टी गजकर्ण वाढले आहे, त्याला ही मलमे मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहेत. चिठ्ठीवर लिहून दिलेले बुरशीनाशक औषधच लावावे, आणि चट्टा गेल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. सुरुवातीचे निदान तीन दिवस तरी गादीवर उतरू नये, नंतरही चट्टा झाकूनच उतरावे. लढतीनंतर लगेच साबणाने अंघोळ करावी, आपला टॉवेल दुसऱ्याला देऊ नये. मुंबईच्या पावसाळ्यात खोलीत दोरीवर वाळणारा जाड सुती अंगरखा दोन दिवस ओलाच राहतो. त्यावर इस्त्री फिरवल्याशिवाय तो घालू नये. चट्ट्याऐवजी बारीक पाणीदार फोडांचा घोस दिसला, विशेषतः डोळ्याजवळ, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा असू शकतो.

गळ्याविषयी आईला सर्वांत जास्त भीती वाटते, ते स्वाभाविक आहे. नीट बसलेल्या डावात श्वासनलिका दाबली जात नाही, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिणी दाबल्या जातात. मेंदूला रक्त कमी पडते आणि दहा सेकंदांच्या आसपास माणूस बेशुद्ध होतो. सोडल्यावर बहुधा थोड्याच सेकंदांत तो शुद्धीवर येतो. त्याला उताणा झोपवावे, तोंडात पाणी घालू नये, आणि त्या दिवशी त्याने पुन्हा लढू नये. अर्ध्या मिनिटात शुद्ध आली नाही तर १०८ ला फोन करावा. आवाज बसला, गिळताना दुखले, श्वास घेताना घरघर आली तर श्वासनलिकेला मार लागला आहे असे समजून रुग्णालय गाठावे. क्वचित मानेतील रक्तवाहिनीच्या आतील अस्तराला चीर पडते. तिची लक्षणे कधीकधी काही दिवसांनी दिसतात : एका बाजूची मान किंवा डोके कधी नव्हे इतके दुखणे, एक पापणी खाली येणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे. हे पक्षाघाताचे आगाऊ निरोप असू शकतात, बाम चोळत बसू नये. लहान मुलांना गळ्याचे डाव शिकवूच नयेत, असे माझे मत आहे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये, आणि चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्यांनी रक्तदाब तपासून घ्यावा.

वजन उतरवण्याचे वेडही येथे आहेच. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगाट ५० किलो गटात अवघ्या १०० ग्रॅमने बाद झाली, त्याआधीची रात्र तिने अन्नपाण्यावाचून घाम गाळण्यात घालवली होती. गल्लीतल्या स्पर्धेसाठी पोरे तेच करू पाहतात. साधा हिशेब ठेवावा : सरावाआधी आणि नंतर वजन करा, जितके किलो उतरले तेवढे लिटर, किंवा थोडे अधिक, पाणी त्या दिवसात पोटात गेले पाहिजे. बरोबर चिमूटभर मीठ किंवा ताक असावे. पहिल्या आठवड्यात नवशिक्या मुलाने हौसेने अति केले, स्नायू दगडासारखे दुखू लागले आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळसर झाली, तर अंगदुखीची गोळी देऊ नका. स्नायू विरघळून त्यांचे द्रव्य मूत्रपिंडात अडकत असते. त्याच दिवशी रक्त-लघवी तपासून सलाईन लावावे लागते.