पडद्यावरचा मोर तारेत का उतरत नाही?

प्रश्न : मी तांब्याच्या तारेचे मोर, वेली, कोयऱ्या वळून भिंतीवर लावायच्या चौकटी करते. आतापर्यंत नक्षी कागदावर हातानेच काढत होते. आता भाचीने लॅपटॉपवर इंकस्केप हे नक्षी काढायचे सॉफ्टवेअर घालून दिले आहे. पडद्यावर नक्षी फार सुरेख दिसते, पण छापली की लहान येते, तार वळली की दाटी होते आणि मोजून कापलेली तार हमखास कमी पडते. चुकते कुठे? अशी नक्षी वापरली तर काम हातचे राहते का? आणि एकांना तोच मोर दुप्पट मोठा हवा आहे, तर नक्षी नुसती ताणली की झाले का? — एक वाचक, रायपूर

उत्तर : ताई, तुमच्या बहुतेक अडचणी एकाच ठिकाणाहून निघतात. संगणकाच्या लेखी रेघ म्हणजे नुसता मार्ग. तिला जाडी नाही, ताठपणा नाही, वजन नाही. तारेला हे सगळे आहे. आपली तार कशी आहे हे नक्षी काढण्याआधी सॉफ्टवेअरला सांगितले, तर बरेच गुंते जागच्या जागी सुटतात.

आधी छपाईचे पाहू, कारण तो दोष नक्षीचा नाहीच. छापताना ‘फिट टू पेज’ हा पर्याय निवडलेला असला, तर कागदाच्या कडांना समास सोडण्यासाठी चित्र आपोआप आक्रसते. ९४ टक्क्यांवर छापले गेले, तर २०० मिलिमीटरचा मोर १८८ मिलिमीटरचा होतो. ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के निवडा. शिवाय प्रत्येक नक्षीच्या कोपऱ्यात ५० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवा आणि छापील कागदावर तिला पट्टी लावून पाहा. ती बरोबर, तर सगळे बरोबर. इंकस्केपच्या २०१७ च्या ०.९२ आवृत्तीत मापाचे आतले गणित बदलले, एका इंचात ९० ऐवजी ९६ ठिपके धरले जाऊ लागले. त्याआधीच्या फायली नव्या आवृत्तीत उघडताना म्हणूनच मापाबद्दल विचारणा होते. कोणी जुनी नक्षी पाठवली, तर तीही मोजूनच वापरावी.

आता दाटीकडे वळू. तुम्ही केसासारख्या बारीक रेघेने नक्षी काढत असाल, तर एकमेकींपासून एक मिलिमीटरवरच्या दोन रेघा पडद्यावर छान सुट्या दिसतात. १८ गेजची तार मात्र सुमारे १.२२ मिलिमीटर जाड असते. त्या दोन तारा तिथे मावणारच कशा? ‘फिल अँड स्ट्रोक’मध्ये रेघेची जाडी तारेइतकीच ठेवा. मग जिथे तारा एकमेकींवर चढणार, तिथे त्या पडद्यावरही चढलेल्या दिसतील. जिथे एक तार मुद्दाम दुसरीवरून जाणार आहे, तिथे खालची रेघ किंचित तोडून दाखवा. वर कोणती आणि खाली कोणती याचा निर्णय पक्कड हातात घेण्यापूर्वीच व्हावा.

गेजच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. आपल्याकडे बहुधा ब्रिटिश गेज चालतो, परदेशी पुस्तकांत आणि तयार संचांत अमेरिकन. अमेरिकन १८ गेज सुमारे १.०२ मिलिमीटरचा असतो. तार पेन्सिलीवर घट्ट चिकटून दहा वेढे गुंडाळा, त्या दहा वेढ्यांची रुंदी मोजा आणि दहाने भागा. जाडी मिळाली.

पुष्कळांचा असा समज असतो, की मोराचा फोटो दिला की सॉफ्टवेअर त्याची तारेची नक्षी करून देईल. ‘ट्रेस बिटमॅप’ने एका कळीत रेघा मिळतात हे खरे, पण ती सोय नेहमीच्या पद्धतीत रंगाच्या डागाची कड शोधते. हाताने काढलेली रेघ तिला दिली, तर त्या रेघेच्या अलीकडची एक आणि पलीकडची एक अशा दोन कडा हाती येतात. तारेला हवा असतो मधला एकच मार्ग. इंकस्केपच्या १.० आणि पुढच्या आवृत्त्यांत त्यासाठी ‘सेंटरलाइन ट्रेसिंग’ आहे. तरीही माझे मत असे, की तुमचे रेखाटन मागे फिकट करून ठेवावे आणि पेन साधनाने त्यावरून मोजके बिंदू टाकत स्वतः रेघ ओढावी. आपोआप निघालेल्या रेघेत शेकडो बिंदू असतात आणि बारीक थरथर असते. तार ती थरथर घेत नाही.

मोजके बिंदू टाकून काढायच्या त्या वक्राला बेझिए वक्र म्हणतात. पिएर बेझिए हे फ्रान्समधील रेनो मोटार कंपनीतले अभियंता. १९६० च्या दशकात मोटारीच्या पत्र्याचे बाक नेमके सांगता यावेत म्हणून त्यांनी हे वक्र वापरात आणले. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलजो यांनी १९५९ मध्येच त्यांचे गणित मांडले होते. महागड्या कोरलड्रॉत जे वक्र आहेत, तेच फुकट मिळणाऱ्या इंकस्केपमध्येही आहेत. धातूला बाक देण्यासाठीच ते आले, म्हणून तुमच्या कामाला परके नाहीत.

वळणाच्या बाबतीत तांब्याचे ऐकावे लागते. पडद्यावर सुईच्या टोकासारखा कोपरा काढता येतो. तार तसा कोपरा घ्यायला गेली, की बाहेरच्या बाजूने ताणली जाते आणि चिरते. वळणाच्या आतली त्रिज्या निदान तारेच्या जाडीइतकी असावी, असा साधा नियम धरा. १८ गेजसाठी रेघेच्या मध्यापासून ती सुमारे २ मिलिमीटर भरते. दुसरे असे, की वळवून सोडलेली तार थोडी मागे उलगडते. म्हणून कागदावरच्या बाकापेक्षा जरा जास्त वळवावी लागते. किती जास्त ते तारेच्या मऊपणावर ठरते. तांबे वाकवता वाकवता कडक होत जाते. ते मंद लाल होईपर्यंत तापवले की पुन्हा मऊ होते. मग पाण्यात बुडवले तर ते पोलादासारखे कडक होईल, ही भीती अनेकांना उगाच असते. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून आणलेली तार मात्र कधीच ज्योतीवर धरू नका. तिच्यावर रोगणाचा थर असतो आणि त्याचा धूर अपायकारक असतो.

तार कमी का पडते? बहुतेक जण नक्षीची उंची-रुंदी पाहून अंदाज बांधतात, आणि गोलाई अंदाजाला नेहमी फसवते. इंकस्केपमध्ये ‘व्हिज्युअलाइज पाथ’खाली ‘मेझर पाथ’ आहे. रेघ निवडून एकक मिलिमीटर ठेवले, की तिची खरी लांबी कळते. वळताना तारेची आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते, मधली जवळजवळ तेवढीच राहते. त्यामुळे मध्यरेषेची ही लांबी तारेलाही लागू पडते. पकडीत धरायला दोन्ही टोकांना दोन-तीन सेंटीमीटर वाढवून कापा. खरेदीसाठी एवढे लक्षात असू द्या, की १८ गेजची १०० ग्रॅम तार साधारण साडेनऊ मीटर भरते.

आता हातच्या कामाचा प्रश्न. त्याचे उत्तर तुमच्या राज्यातच आहे. कोंडागावचे घडवा कारागीर ढोकरा मूर्ती करतात, तेव्हा मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून दागिने, केस, वस्त्रांच्या किनारी उभ्या करतात. ते धागे पिचकी नावाच्या दाबयंत्रातून एकसारखे निघतात. मग वर मातीचे लेपण, भट्टी, मेण वितळून जाणे आणि त्या पोकळीत पितळेचा रस. साचा फोडूनच मूर्ती बाहेर येते, म्हणून दुसरी हुबेहूब तशीच निघत नाही. धागा यंत्रातून आला म्हणून ही कला हातची नाही, असे कोणी म्हणत नाही. तुमच्याकडे तर यंत्र तारेला शिवतसुद्धा नाही. प्रत्येक बाक तुमच्या बोटांतून जातो. विकताना ‘नक्षी संगणकावर रेखलेली, काम हाताचे’ असे मोकळेपणाने लिहावे. त्यात कमीपणा काहीच नाही. मोराच्या दोन्ही बाजू पडद्यावर आरशासारख्या अगदी सारख्या निघतील, पण हाताने वळताना पडलेला थोडा फरक राहू द्या. मला तो आवडतो.

शेवटी दुप्पट मोठा मोर. नक्षी ताणताना रेघेची जाडीही ताणली जाऊ नये म्हणून निवड साधनाच्या पट्टीवरचे जाडी ताणण्याचे बटण बंद करा, नाहीतर २.४४ मिलिमीटरची तार दिसत राहील. खरी गोष्ट मात्र वजनाची आहे. एका टोकाला धरलेली, दुसरीकडे मोकळी असलेली आडवी तार स्वतःच्या भाराने झुकते, आणि लांबी दुप्पट झाली की तेच झुकणे १६ पट होते. १८ ऐवजी १४ गेजची, म्हणजे सुमारे २.०३ मिलिमीटरची तार घेतली, तरी ते पहिल्याच्या जवळजवळ सहापट राहते. म्हणजे नुसती जाड तार पुरत नाही, आधार हवा.

तो नक्षीतच कसा गुंफायचा, हे सरगुजातल्या पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार यांच्या कामात दिसते. बांबूच्या कामट्यांची वर्तुळे एकमेकांना बांधून, त्यांवर माती लेपून त्यांनी घरात जाळ्या उभ्या केल्या. त्यांतले प्रत्येक कडे शेजारच्या कड्याला टेकलेले असते, म्हणून एवढी नाजूक जाळी उभी राहते. तुमच्या मोठ्या मोरात पिसाऱ्याच्या लांब तारांच्या मध्यावरून एक कमान न्या, दोन्ही टोकांनी ती चौकटीला पक्की बांधा आणि जिथे ती प्रत्येक पिसाला छेदते तिथे बारीक तारेचे वेढे द्या. पिसांची मोकळी लांबी निम्मी झाली, की त्यांचे झुकणे जवळपास लहान मोराइतके खाली येते, आणि त्या कमानीवर पिसांचे डोळे बसवायला जागाही मिळते.