वनश्री आणि हवामान : बीदर-कलबुर्गीच्या पठाराचा धडा

रान गेले आणि त्यासोबत पाऊसही गेला, अशी खंत भालकी, औराद, बसवकल्याण व आळंद या सीमावर्ती तालुक्यांतील वडीलधारी मंडळी अनेकदा बोलून दाखवितात. या समजुतीत तथ्य किती, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. वृक्षारोपणापासून भलत्याच अपेक्षा बाळगल्या तर पदरी निराशा येते आणि त्याचे खरे लाभ दुर्लक्षित राहतात.

बीदर व कलबुर्गी (२०१४ पर्यंतचे गुलबर्गा) हे जिल्हे दख्खनच्या पठारावर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेच्या पूर्वेस वसले आहेत. बीदर शहराभोवती जांभ्या दगडाचे उंच माळ आहेत, तर सखल भागात काळी कसदार जमीन पसरली आहे. कलबुर्गीकडे उतरत जावे तसतशी उन्हाची तीव्रता वाढते. जिराईत शेती हाच येथील जीवनाचा आधार असून, कलबुर्गीची तूर तर देशभर प्रसिद्ध आहे. पावसाने ऐनवेळी ओढ दिली तर शेतकऱ्याचे सारे वर्ष धोक्यात येते.

पानांचा श्वास आणि हवेचा गारवा

वनस्पती मुळांवाटे जमिनीतील पाणी शोषून घेते आणि त्यातील बहुतांश भाग पर्णरंध्रांतून वाफेच्या रूपाने हवेत सोडते. या क्रियेस बाष्पोच्छ्वास म्हणतात. एक लिटर पाण्याची अशी वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. तेच पाणी गोठणबिंदूपासून उत्कलनबिंदूपर्यंत तापविण्यास केवळ १०० किलोकॅलरी पुरतात. यावरून वृक्षाच्या शीतल छायेचे रहस्य ध्यानात येईल. झाड केवळ ऊन अडवीत नाही, तर उन्हातील उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च करते. उघड्या, कोरड्या काळ्या रानात ही सोय नसते. तेथे सूर्याची उष्णता प्रथम जमीन आणि नंतर हवा तापविते.

येथील वनस्पतींनी या हवामानाशी जुळवून घेतलेले आहे. साग, पळस यांसारखे पानझडी वृक्ष उन्हाळ्यापूर्वी पाने गाळून पाण्याची बचत करतात. कडुनिंब व करंज मात्र खोलवरच्या ओलाव्याच्या बळावर ऐन उन्हाळ्याच्या तोंडी नवी पालवी धारण करतात. तुरीचे सोटमूळही खोल जाते. त्यामुळे पाऊस संपल्यावरही हे पीक जमिनीतील ओल वापरीत हिरवे राहते.

झाडे पाऊस आणतात काय ?

या प्रश्नाचे उत्तर सावधपणे दिले पाहिजे. पावसाचे मुख्य भांडार समुद्र हेच होय. अरबी समुद्र व बंगालचा उपसागर यांवरून येणारे मोसमी वारे येथे पाऊस देतात. एखाद्या गावाने टेकडीवर झाडे लावली म्हणून त्याच गावावर ढग थांबतील, असे शास्त्र सांगत नाही.

तथापि, विस्तृत प्रदेशाचा विचार केला असता चित्र पालटते. जमिनीवर पडलेल्या पावसाचा काही अंश वनस्पतींमार्फत वाफेच्या रूपाने पुन्हा हवेत जातो आणि वाऱ्यासोबत पुढे जाऊन पुन्हा पाऊस होऊन बरसतो. मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, या पुनरावर्तित पावसाचे महत्त्व मोसमाच्या अखेरीस विशेष असते. त्या सुमारास जमीन भिजलेली आणि वनस्पती बहरलेल्या असतात. तेथीलच संशोधकांच्या २०१८ मधील अभ्यासात, पश्चिम घाटातील अरण्यांनी सोडलेली वाफ तामिळनाडूच्या मोसमी पावसात मोलाची भर घालते, असे दिसून आले.

बीदर-कलबुर्गीच्या शेतकऱ्यास पूर्वा, उत्तरा व हस्त या नक्षत्रांतील पावसाचे मोल सांगावयास नको. तुरीची वाढ आणि रब्बी ज्वारीची पेरणी त्यावरच विसंबून असते. म्हणून पठारावरील व्यापक हरित आच्छादन हा दूरवरच्या प्रदेशांनी मिळून जपावयाचा ठेवा ठरतो.

पडलेला पाऊस राखणे

झाडांचा सर्वांत निश्चित लाभ मात्र पडलेला पाऊस मुरविण्यात आहे. पानांमुळे थेंबांचा मारा सौम्य होतो, पालापाचोळा व गवत पाण्याचा वेग रोखतात आणि मुळांच्या वाटांनी पाणी खाली जिरते. बीदरच्या जांभ्या खडकात तर हे सहज घडते. या सच्छिद्र खडकातून झिरपणारे पाणी हेरूनच बहामनी काळात, पंधराव्या शतकात, नौबाद येथे कारेझ खोदण्यात आले. भूमिगत बोगदा आणि त्यावर ओळीने खोदलेल्या उभ्या विहिरी अशी त्याची रचना आहे. माथ्यावरील जमीन पाणी मुरवीत राहिली, तरच अशा बोगद्यात पाणी येणार, हे उघड आहे.

कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळीचे रान हे याच विचाराचे दुसरे उदाहरण होय. सुमारे १३५ चौरस किलोमीटरचे हे शुष्क पानझडी वन २०११ साली वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाले. वन्यप्राण्यांना आसरा देणारे हे रान परिसरातील माती व पाणीही राखते.

मात्र एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. झाडेही पाणी पितात. कमी पावसाच्या माळावर भरमसाट पाणी घेणाऱ्या एकाच जातीच्या झाडांची दाट लागवड केल्यास विहिरींची पातळी खालावण्याचा संभव असतो. सबब स्थानिक जातींची निवड, गवताचे संरक्षण आणि बांधावर विरळ वृक्ष हाच मार्ग श्रेयस्कर होय.

सीमेपलीकडचे नाते

मांजरा नदी बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरांत उगम पावते, लातूर जिल्ह्यातून बीदरमध्ये प्रवेश करते आणि पुढे तेलंगणात गोदावरीस मिळते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, ही घटना मांजरेच्या खोऱ्यातील साऱ्यांनाच इशारा देणारी आहे. वरच्या अंगाच्या उघड्या डोंगरावरून वाहून गेलेली माती खालच्या अंगाच्या जलाशयात साठते. वारा, वाफ आणि नदी यांना राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात.

तेव्हा रान गेले म्हणून पाऊस गेला, हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे जसेच्या तसे सिद्ध होत नसले, तरी त्यामागील अनुभव खोटा नाही. रान गेल्याने पडलेला पाऊस हातचा जातो, जमिनीचा गारवा जातो आणि अखेरच्या पावसाला मिळणारी वाफेची जोडही उणावते. गावाच्या माळावर लावलेले आणि जगविलेले प्रत्येक झाड आकाशातून ढग खेचून आणणार नाही. परंतु आलेल्या ढगाचे दान गावाच्या विहिरीपर्यंत पोहोचविण्यास ते निश्चित साहाय्य करील.