उन्हातला वर्ग

ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजात मी बावीस वर्षं इतिहास शिकवते आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्राध्यापकांनीच मुलांना परदेशी घेऊन जायचं, तिथंच शिकवायचं, तिथंच परीक्षा घ्यायची, अशी आमच्याकडे पद्धत आहे. ग्रीसच्या सहलीसाठी माझं नाव आलं तेव्हा मी फार आनंदले होते. ग्रीक आणि लॅटिन शिकवणारे एक ज्येष्ठ सहकारी, मी आणि सोळा मुलं. जूनचे चार आठवडे, अथेन्स, कॉरिंथ, डेल्फी आणि शेवटी थेसालोनिकी. मी मूळची नाशिकची. ग्रीस पुस्तकांतून इतकी वर्षं शिकवलं होतं की तो देश आपल्या ओळखीचा आहे, अशी माझी समजूत झाली होती. परतीच्या विमानात वहीत जे उतरवलं, ते थोडं सावरून इथे देते आहे. शेवटचं टिपण तेवढं नंतरचं.

१. वेळापत्रक करताना ऊन लागत नाही. मी ते फेब्रुवारीत केलं होतं, बाहेर बर्फ असताना, आणि अ‍ॅक्रोपोलिससाठी दुपारी एकची वेळ लिहून ठेवली होती. त्या टेकडीवर सावली जवळजवळ नाहीच. पायाखालचा संगमरवर शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेला, आणि ऊन वरून जेवढं येतं तेवढंच खालून. अर्ध्या तासात एका मुलाला भोवळ आली. तिथल्या पहारेकरी बाईंनी त्याला आपल्या छत्रीखाली बसवलं, मानेवर ओला रुमाल ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. २०२३ च्या जुलैत उष्णतेच्या लाटेमुळे सरकारला भर दुपारी अ‍ॅक्रोपोलिस बंद ठेवावं लागलं होतं, हे मी वाचलेलं होतं. माझं बालपण नाशिकच्या उन्हाळ्यात गेलं आहे. दुपारी बारा ते चार आई आम्हांला अंगणात पाऊल टाकू द्यायची नाही. ग्रीक माणूसही दुपारी दारं ओढून घेतो आणि संध्याकाळी पुन्हा दिवस सुरू करतो. हे शहाणपण मला घरातूनच मिळालेलं होतं, आणि मुलांची जबाबदारी अंगावर असताना मी ते विसरले. याची टोचणी अजून आहे. दोन दिवसांनी आम्ही सकाळी आठला, दार उघडताच, पुन्हा वर गेलो. भोवळ आलेला मुलगा सगळ्यांत पुढे होता.

२. चांगल्या मनानं केलेली दुरुस्तीही घात करू शकते. पार्थेनॉनच्या मूळ कारागिरांनी, म्हणजे इसवीसनापूर्वी ४४७ नंतरच्या त्या माणसांनी, संगमरवराचे ठोकळे लोखंडी आकड्यांनी सांधले आणि आकड्यांभोवती वितळलेलं शिसं ओतलं. शिशानं लोखंडाला पाण्यापासून आणि धक्क्यांपासून सांभाळलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस या अभियंत्यानं मोठ्या निष्ठेनं पडझड सावरली, पण नवं लोखंड शिशाशिवाय वापरलं. ते गंजलं, फुगलं आणि दगड आतून फोडत गेलं. १९७५ साली नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली ते सगळं लोखंड काढून टायटॅनियम बसवायचं काम सुरू झालं, ते आजही चालू आहे. मी वर्गात इमारतीचा इतिहास १६८७ च्या स्फोटाशी आणून संपवायची. व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा, आत साठवलेली ऑटोमन दारू, आणि संपलं मंदिर. मुलं मात्र स्फोटाबद्दल दोन प्रश्न विचारून परांचीवर काम करणाऱ्या संगमरवर-कारागिरांकडे वळली. नव्या दगडाचा तुकडा जुन्याच्या तुटक्या कडेला तंतोतंत बसेल असा घडवायचा, आणि पुढच्या पिढीला चूक सापडली तर तो काढताही यावा, अशी ही पद्धत. आपल्या कामात आपलीच चूक दुरुस्त करायची सोय ठेवायची, हा विचार मी त्या दिवसापासून मनात घोळवते आहे.

३. ‘नाही’ म्हणायची आमची रीत तिथं आधीच होती. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. पहिला आठवडाभर ते ऐकलं की माझ्या मराठी कानाला नकार वाटे. पण दुकानदार मान किंचित वर करी, भुवया उचली आणि जिभेनं ‘च्क्’ करी, तेव्हा मला लगेच कळायचं की वस्तू संपलेली आहे. अमेरिकन मुलांना वाटायचं, माणूस वैतागला. मी त्यांना सांगायची, अरे, माझी आजीसुद्धा अशीच ‘नाही’ म्हणायची.

४. मी फार बोलते. डेल्फीच्या संग्रहालयात ब्राँझचा सारथी उभा आहे. १८९६ साली उत्खननात सापडला, वय सुमारे अडीच हजार वर्षं. डोळे जडावाचे, पापण्यांचे केससुद्धा धातूचे. मी त्याच्यापुढे वीस मिनिटांचं व्याख्यान दिलं. रथशर्यतीतला विजय, अर्पण करणारा सिसिलीचा सत्ताधीश, ओतकामाचं तंत्र, सारं काही. आम्ही निघालो तरी एक मुलगा तिथंच थांबलेला. घाई करायला गेले, तर तो हळूच म्हणाला, “मॅडम, याचे पाय पाहिलेत?” शिरा, घोट्यांची हाडं, बोटांची नखं, सगळं जिवंत. आणि तो रथात उभा होता तेव्हा रथाच्या कठड्याआड हे पाय खालून कुणालाच दिसणार नव्हते. मी त्या मूर्तीवर अनेक वर्षं शिकवत आले होते. पायांकडे कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी पहिली पंधरा मिनिटं कुणीच बोलायचं नाही, असा नियम केला. तो पाळणं मला सगळ्यांत अवघड गेलं.

५. जी भिंत मी ओलांडून जाणार होते, तीच सहलीचा गाभा ठरली. डेल्फीत अपोलोच्या मंदिराच्या चौथऱ्याला आधार देणारी बहुकोनी दगडांची एक भिंत आहे. सांधे वळणावळणाचे, एकात एक गुंतलेले. लोक तिचा फोटो काढतात आणि मंदिराकडे चढतात. माझ्या टिपणातही तिच्यासाठी एकच ओळ होती. सहकारी थांबले आणि म्हणाले, जवळ या. दगडांवर बारीक अक्षरं कोरलेली, ओळींवर ओळी, शेकडो लेख. ही गुलामांच्या सुटकेची खतं आहेत.

गुलामाला स्वतःच्या नावानं करार करता येत नसे. म्हणून मालक त्याला अपोलो देवाला ‘विकत’ असे. किंमत बहुधा गुलामानंच साठवलेल्या पैशातून यायची, देव नावापुरता खरेदीदार, आणि माणूस मोकळा. साक्षीदारांची नावं, रक्कम, सगळं दगडावर, म्हणजे उद्या कुणी पुन्हा धरायला आलं तर बोट दाखवता यावं. पण पुष्कळ खतांत एक अट असते, मालक जिवंत असेपर्यंत त्याच्याजवळच राहायचं आणि सांगेल ते काम करायचं. काहींत तर जाण्याआधी आपल्या जागी एक मूल मागे ठेवायची अट आहे. ते ऐकल्यावर आमच्या घोळक्यात कुणी हललं नाही.

आमच्यातल्या एका मुलीचं घराणं अलाबामाचं. तिच्या पणजीच्या आईचं नाव त्यांना गोऱ्या मालकाच्या मृत्युपत्रात सापडलं होतं, जनावरांच्या यादीच्या खाली. तिनं विचारलं, “यांची नावं आहेत का इथे?” आहेत. नाव आणि मूळही. कुणी जन्मानं सीरियाची, कुणी थ्रेसचा, कुणी मालकाच्याच घरात जन्मलेलं. सहकाऱ्यांनी एक लेख शोधला आणि अक्षरावर बोट न टेकवता, शब्द शब्द थांबत वाचला. ती मुलगी प्रत्येक शब्द त्यांच्यामागून म्हणत गेली. ग्रीक तिला येत नव्हतं.

लोकशाहीची जन्मभूमी म्हणून ग्रीस शिकवणं सोपं आहे, आणि ते खोटंही नाही. लाव्रिओच्या खाणीत गुलामांनी खणलेल्या चांदीवर अथेन्सचं आरमार उभं राहिलं, ही ओळही माझ्या व्याख्यानात पहिल्यापासून होती. पण ओळ असणं आणि त्यापाशी थांबणं यांत किती अंतर आहे, ते मला त्या भिंतीनं दाखवलं.

६. प्राचीन अवशेष बहुतेक वेळा कुणाच्या तरी घराखाली असतात. आज आपण डेल्फी म्हणून जे बघतो त्यावर कास्त्री नावाचं गाव होतं. १८९२ मध्ये फ्रेंच उत्खननासाठी ते उठवून थोड्या अंतरावर वसवलं. तिथल्या खानावळीत जेवताना मला धरणाखाली गेलेली आपली गावं आठवत राहिली.

७. माणसाचं मागणं फारसं बदललेलं दिसत नाही. कॉरिंथच्या संग्रहालयात अस्क्लेपिओस या वैद्यदेवाला वाहिलेले मातीचे हात, पाय, कान, स्तन मांडून ठेवले आहेत. ज्याचा जो अवयव दुखला, त्यानं तो घडवून वाहिला. दुसऱ्या दिवशी एका चर्चमध्ये मेरीच्या तसबिरीखाली दोऱ्यात ओवलेले पातळ पत्र्याचे तुकडे दिसले, त्यावर उठावाचं काम, डोळा, पाय, तान्हं मूल. त्यांना तामा म्हणतात. मुलांना हे विलक्षण वाटलं. मला वांद्र्याच्या माउंट मेरीच्या पायऱ्यांवर मिळणारे मेणाचे हातपाय आठवले. काकांचं ऑपरेशन होतं तेव्हा माझी काकू, जन्मभर सप्तशृंगीला जाणारी बाई, माउंट मेरीच्या त्या पायऱ्या मेणाचा गुडघा घेऊन चढली होती. आमच्यातल्या एका मुलीनं छातीचा आकार कोरलेला तामा विकत घेतला. तिच्या आईची केमोथेरपी चालू होती, हे आम्हां दोघा प्राध्यापकांनाच ठाऊक होतं. तिनं तो कुठे बांधला ते मी विचारलं नाही.

८. फाळणी हा शब्द फक्त आपला नाही. अथेन्समध्ये नेआ स्मिर्नी, नेआ इओनिआ अशा नावांचे भाग आहेत. नेआ म्हणजे नवं. १९२३ च्या करारानं ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी माणसांची अदलाबदल केली. आधी जीव घेऊन पळालेले धरून बारा लाखांच्या आसपास ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, आणि साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान तिकडे गेले. कसोटी धर्माची होती, भाषेची नव्हे. म्हणून घरात तुर्की बोलणारे ख्रिस्ती ‘मायदेशी’ आले आणि क्रीटचे ग्रीक बोलणारे मुसलमान परक्या मुलखात गेले. नाशिकला माझ्या वर्गात एक सिंधी मुलगी होती. तिचे आजोबा कल्याणजवळच्या छावणीत उतरले, जिचं पुढे उल्हासनगर झालं. त्यांच्या घरात कुलूप नसलेली एक किल्ली होती. नेआ इओनिआत एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हांला घरात बोलावलं, चमच्याभर कडू संत्र्याचा मुरांबा बशीत आणि सोबत गार पाणी दिलं. अगदी आपल्या गूळपाण्यासारखं. त्यांच्या आईनं तुर्कस्तानातल्या जुन्या स्मिर्नीहून आणलेली इस्त्री भिंतीवर टांगलेली होती. मी त्यांना त्या किल्लीबद्दल सांगितलं. दुभाषाची वाट न बघता त्यांनी माझा हात धरला.

थेसालोनिकीत मात्र असं कुणी बोलवायला उरलेलं नव्हतं. १४९२ नंतर स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंनी चार शतकं त्या शहराला आकार दिला. १९४२ च्या डिसेंबरात, जर्मन ताब्यात असताना, त्यांचं प्रचंड कबरस्तान मोडलं गेलं. थडग्यांचे दगड शहरभर बांधकामाला वापरले. पुढच्या वर्षी ४५ हजारांच्या आसपास माणसं आगगाडीनं आउश्वित्झला नेली. परत आलेले फार थोडे. त्या कबरस्तानाच्या जागेवर आज विद्यापीठ आहे. तिथलं स्मारक २०१४ साली उभं राहिलं. आम्ही गेलो तेव्हा परीक्षांचा हंगाम होता. पोरं हिरवळीवर वह्या पसरून बसलेली, आमच्याच मुलांच्या वयाची. त्या दिवशी मी व्याख्यान दिलं नाही. प्रत्येकानं अर्धा तास एकट्यानं चालून यावं, एवढंच सांगितलं.

९. घरी पोचल्यावर सहल पुढे चालू राहते. ऑगस्टात नाशिकला गेले आणि पांडवलेणी चढले. शाळेच्या सहलीत आम्ही तिथं डबे खाल्ले होते. सतराव्या लेण्याच्या ओसरीत ब्राह्मी लेख आहे. दत्तामित्री नावाच्या उत्तरेकडच्या गावचा यवन, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, यानं आईवडिलांसाठी हे लेणं, आत चैत्य आणि पाण्याची टाकी करवली. यवन म्हणजे त्या काळच्या बोलीत बहुधा ग्रीक वंशाचा माणूस. आमच्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर, आणि मी ग्रीस शोधायला ओहायोहून अथेन्सला गेले होते.

लेखाचा फोटो अलाबामाच्या त्या मुलीला पाठवला, अर्थासकट. रात्री तिचं उत्तर आलं. “ज्यांनी खोदलं त्यांचीही नावं आहेत का?” दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आधी, पुन्हा वर गेले. नावं नव्हती. आतलं काम मुळातच अर्धवट राहिलेलं, भिंतीवर छिन्नीचे तिरके घाव तसेच होते. मी मोबाइलचा दिवा लावला आणि तिच्यासाठी त्यांचा फोटो काढला.